चालत्या वहीची नक्कल



जुन्या पेढीवर दिवेलागण झाली की दिवाणजी दिवसाची शिल्लक काढीत, गल्ल्यातील रोकड तिच्याशी ताडून पाहत, आणि मेळ बसला म्हणजे कीर्द बासनात बांधून ठेवीत. त्या वहीची नक्कल कोणाला हवी असलीच, तर ती रात्री करता येई. कारण रात्री वही स्वस्थ असे. आजच्या वह्यांना रात्र अशी उरलेलीच नाही. बँकेतील खाते, आगगाडीचे आरक्षण, जमिनीचा उतारा, रुग्णालयातील केसपेपर, या साऱ्या नोंदी आता संगणकाच्या डेटाबेसमध्ये असतात, आणि तेथे आठही प्रहर लेखणी चालू असते. कोणी ना कोणी, कोठून तरी, काहीतरी लिहीतच असतो. अशा वहीची राखीव प्रत काढावयाची तर ती बंद करता येत नाही. ती लिहिली जात असतानाच उतरवून घ्यावी लागते. हे कसे साधतात, आणि साधले आहे असे वाटत असताना ते कसे फसते, याचा आज थोडा विचार करू.

प्रथमदर्शनी वाटते की यात अवघड ते काय? पहिल्या पानापासून आरंभ करावा आणि शेवटच्या पानापर्यंत उतरवीत जावे. पण एक उदाहरण घेऊन पाहा. खातेवहीच्या तिसऱ्या पानावर धान्याच्या व्यापाऱ्याचे खाते आहे आणि चारशेव्या पानावर तेल्याचे. नक्कलकाराने तिसरे पान उतरवून घेतले आणि तो पुढे गेला. तो दोनशेव्या पानावर असताना तेल्याने व्यापाऱ्यास एक हजार रुपये दिले. मूळ वहीत चारशेव्या पानावर हजार रुपये वजा झाले, तिसऱ्या पानावर हजार रुपये जमा झाले, हिशेब चोख. पण नक्कलेत तिसरे पान जुने आहे आणि चारशेवे पान नवे. तेल्याचे हजार गेले आणि व्यापाऱ्याला मिळाले नाहीत! हेच पैसे उलट दिशेने गेले असते, तर तेच हजार रुपये नक्कलेत दोन्हीकडे दिसले असते. नक्कलकाराने एकही अक्षर चुकविलेले नाही. प्रत्येक पान मुळाबरहुकूम आहे. तरीही सबंध वही खोटी आहे, कारण अशी वही प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हती.

यावर दुसरा उपाय सुचतो तो जोडवहीचा. एका कारकुनाऐवजी दोन बसवावेत. पहिल्याने एक नोंद केली की ती मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने आपल्या वहीत ती तशीच घ्यावी. संगणकाच्या जगात याला रेप्लिकेशन म्हणतात; आपण प्रतिकृती म्हणू. एक मुख्य यंत्र, आणि त्याच्यामागे एक किंवा अनेक दुय्यम यंत्रे. मुख्य यंत्र जळाले, बिघडले, वीज जाऊन बंद पडले, तर दुय्यम यंत्र त्याची जागा घेते आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. ही सोय फार मोलाची आहे. परंतु तिच्यावर नको तेवढा विश्वास टाकला जातो. पहिल्या कारकुनाने चुकून एखाद्या खात्यावर काट मारली, तर दुसराही आज्ञाधारकपणे तशीच काट मारतो, आणि तीही क्षणार्धात. जोडवही यंत्राच्या मरणापासून वाचविते; माणसाच्या चुकीपासून ती वाचवीत नाही.

हे सारे पुस्तकी बोलणे वाटू नये म्हणून २०१७ साली घडलेली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. गिटलॅब नावाची एक कंपनी आहे. जगभरचे प्रोग्राम लिहिणारे लोक आपले काम तिच्या संकेतस्थळावर ठेवतात, एकमेकांच्या कामावर अभिप्राय देतात, चुकांची चर्चा करतात. या कंपनीचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीवर चालत असे. एक मुख्य यंत्र, एक दुय्यम यंत्र. नावेही साधीच : डीबी एक आणि डीबी दोन. पुढे जे घडले ते कंपनीने स्वतःच सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. आपली फजिती अशी चव्हाट्यावर मांडणाऱ्या संस्था थोड्याच असतात, आणि म्हणूनच ही हकीकत आज आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे.

३१ जानेवारीचा तो दिवस. ग्रिनिच वेळेप्रमाणे सायंकाळचे पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. कंपनीतील एका अभियंत्याला सरावाच्या यंत्रावर काही प्रयोग करून पाहावयाचे होते. प्रयोगासाठी ताजी माहिती हवी, म्हणून त्याने मुख्य डेटाबेसचा एक स्नॅपशॉट, म्हणजे क्षणचित्र, घेतले आणि ते सरावाच्या यंत्रावर नेऊन ठेवले. असे क्षणचित्र चोवीस तासांतून एकदा आपोआप घेतले जात असे. हे जादा घेतलेले. त्यात राखीव प्रतीचा काही विचार नव्हता. पुढे सर्व काही याच एका गोष्टीवर तरले, हे लक्षात ठेवावे.

सातच्या सुमारास डेटाबेसवरचा ताण एकाएकी वाढला. संकेतस्थळावर केरकचरा टाकणाऱ्या उपद्रवी मंडळींचा तो प्रताप असावा असा संशय आला. ताण इतका, की दुय्यम यंत्र मागे पडू लागले. पहिला कारकून भराभर वाचतो आहे आणि दुसऱ्याचा हात चालत नाही, अशी ती स्थिती. मुख्य यंत्र आपल्या नोंदींची रोजकीर्द काही काळच जपून ठेवते आणि मग जुने बंद फेकून देते. दुय्यम यंत्राला जे बंद अजून उतरावयाचे होते तेच फेकले गेले, आणि ते कोठे बाजूला साठवून ठेवण्याची व्यवस्थाही नव्हती. दोन वह्यांचा धागा तुटला. आता एकच मार्ग राहिला : दुय्यम यंत्रावरची सारी माहिती पुसून टाकावी आणि मुख्य यंत्रावरून नव्याने आणावी. तशी ती पुसली गेली. त्या घटकेपासून त्या कंपनीपाशी चालू माहितीची एकच वही उरली, याची जाणीव कितीजणांना झाली असेल कोण जाणे.

नव्याने आणण्याची आज्ञा दिली, पण ती नुसतीच थांबून राहिली. चूक काय ते सांगेना, पुढे जाईना. रात्र वाढत होती. साडेअकराच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट होऊन पाच वाजत असताना, एका अभियंत्याच्या मनात आले की आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत दुय्यम यंत्राच्या कप्प्यात काही उष्टेखरकटे राहिले असावे, म्हणून हे अडते आहे. त्याने कप्पा साफ करण्याची आज्ञा दिली. एकदोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले की आपण डीबी दोनवर नसून डीबी एकवर आहोत. त्याने तत्काळ आज्ञा थांबविली. पण सुमारे ३०० गिगाबाइट माहिती तेवढ्यात गेली होती. मागे उरले ते साडेचार गिगाबाइट.

अशा वेळी राखीव प्रतीकडे धाव घ्यावयाची, आणि कंपनीने राखीव प्रतींची तजवीज केली नव्हती असेही नाही. दर चोवीस तासांनी सर्व डेटाबेसची प्रत काढून ती अ‍ॅमेझॉनच्या दूरच्या साठवणीत टाकली जावी, अशी योजना होती. साठवण उघडून पाहिली तर ती रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीचा, आणि प्रत काढणारे साधन मात्र ९.२ आवृत्तीचे, ते रोज नकार देऊन बंद पडत होते. बरे, त्या नकाराची सूचना ई-टपालाने कोणाला जात नव्हती काय? जात होती. परंतु पाठविणाऱ्याची ओळख पटविणारी जी खूण अशा टपालावर लागते ती त्यावर नव्हती, म्हणून घेणाऱ्या व्यवस्थेने ते टपाल दारातूनच परत धाडले. मायक्रोसॉफ्टच्या ज्या अझूर सेवेवर ही यंत्रे चालत होती तेथेही डिस्कचे क्षणचित्र घेण्याची सोय होती. ती अन्य यंत्रांसाठी चालू केलेली होती, डेटाबेसच्या यंत्रांसाठी नव्हती, कारण त्यांच्या राखीव प्रती अन्य मार्गांनी निघतच आहेत असा समज होता. योजलेल्या पाच उपायांपैकी एकही धड चालत नाही किंवा मुळात चालूच केलेला नाही, हे त्या मंडळींनी तेव्हाच जाहीरपणे लिहून टाकले.

राहिले ते सायंकाळचे क्षणचित्र. सहा तासांपूर्वीचे, भलत्याच हेतूने घेतलेले. ते नसते तर चोवीस तासांपूर्वीच्या प्रतीवर भागवावे लागले असते. सरावाच्या यंत्राची डिस्क स्वस्त आणि संथ होती. तिच्यातून सेकंदाला सुमारे ६० मेगाबिटांहून अधिक माहिती बाहेर पडत नसे. संकेतस्थळ पूर्ववत उभे राहण्यास सुमारे अठरा तास लागले. तो सारा वेळ कंपनीने आपले काम यूट्यूबवर थेट दाखविले आणि हजारो लोक ते पाहत बसले होते. सायंकाळी पाच वीसपासून मध्यरात्रीपर्यंत ज्या नोंदी झाल्या त्या कायमच्या गेल्या : सुमारे पाच हजार प्रकल्प, तितकेच अभिप्राय, आणि सातशेच्या आसपास नव्या सभासदांची खाती. लोकांनी लिहिलेले मूळ प्रोग्राम वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे वाचले. मात्र ज्याचे खाते त्या सहा तासांत उघडले गेले त्याला दुसऱ्या दिवशी, आपण कोण, असेच विचारले गेले असणार.

आता ज्याने सारे तारले ते क्षणचित्र म्हणजे काय, ते पाहू. तीनशे गिगाबाइटांची नक्कल उतरविण्यास तास लागतात; क्षणचित्र काही सेकंदांत निघते. याचे रहस्य असे की त्या क्षणी काहीच उतरविले जात नाही. यंत्र फक्त एवढेच ठरविते की, या घटकेस वहीची जी पाने आहेत ती अशीच मानावयाची. यापुढे कोणी एखाद्या पानावर लिहू लागला, की लिहिण्याच्या आधी त्या पानाची जुनी प्रत बाजूच्या जागेत काढून ठेवावयाची आणि मगच नवे लिहू द्यावयाचे. ज्या पानांना कोणी हात लावत नाही ती मुळातच राहतात. क्षणचित्र वाचणाऱ्याला बदललेले पान बाजूच्या जागेतून मिळते, न बदललेले मूळ वहीतून. आणि त्याच्या दृष्टीला सबंध वही त्या एका क्षणी थिजलेली दिसते. तिकडे लेखणी मात्र अखंड चालू. तेल्याचे हजार रुपये आता हरवत नाहीत, कारण तिसरे पान आणि चारशेवे पान एकाच क्षणाचे आहे.

तरीही एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. हजार रुपये तेल्याकडून वजा झाले आणि व्यापाऱ्याकडे जमा व्हावयाचे आहेत, अशा नेमक्या मधल्या क्षणी चित्र निघाले तर? येथे रोजकीर्द मदतीला येते. आपल्या पेढ्यांवर व्यवहार आधी कीर्दीत मांडीत आणि तेथून सवडीने खतावणी करीत. संगणकानेही हीच रीत उचलली. इतकेच नव्हे, तर त्या पहिल्या नोंदवहीला काही प्रणालींत जर्नल हे जमाखर्चातलेच नाव आहे. नियम असा की खात्याच्या पानाला हात लावण्यापूर्वी तो व्यवहार रोजकीर्दीत पक्का उतरला पाहिजे. वीज गेली आणि खतावणी अर्धवट राहिली, तर यंत्र पुन्हा सुरू होताच रोजकीर्द काढते, पुरे झालेले व्यवहार खात्यांवर चढविते, आणि जे पुरे झालेले नाहीत त्यांना मान्यता देत नाही. पोस्टग्रेसमध्ये ही व्यवस्था २००१ साली आली. तिचे सर्वसाधारण शास्त्र ज्या निबंधाने घालून दिले तो १९९२ चा, आयबीएम कंपनीतील सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांचा; मोहन हे मद्रासच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी.

तेव्हा क्षणचित्रावरून डेटाबेस उभा करणे म्हणजे वीज गेल्यावर यंत्र पुन्हा चालू करण्यासारखेच आहे. त्यात अर्धवट असे काही सापडले तर ते निस्तरण्याचे साधन त्याच चित्रात असते. मात्र एक अट आहे, आणि पुष्कळांचा पाय येथेच घसरतो. रोजकीर्द आणि खातेवही ही दोन्ही एकाच क्षणाची हवीत. वेग वाढावा म्हणून जाणकार लोक पुष्कळदा रोजकीर्द एका डिस्कवर आणि खातेवही दुसऱ्या डिस्कवर ठेवतात. दोन डिस्कांची दोन चित्रे काढली आणि त्यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर पडले, की सारा आधारच ढासळला. खातेवहीत असा व्यवहार असेल की ज्याची रोजकीर्दीत नोंदच नाही. दोन डिस्कांचे चित्र एकदम घेण्याची सोय असेल तर उत्तम. नसेल तर चित्र निघेपर्यंत लिहिणाऱ्यांना थांबवावे लागते. मायएसक्यूएल, मोंगोडीबी यांसारख्या प्रणालींत अशी घटकाभर कुलूप घालण्याची आज्ञा असते. कुलूप घालावे, चित्र घ्यावे, कुलूप काढावे. ही शेवटची पायरी विसरल्याने सकाळपर्यंत एकही नोंद झाली नाही, असेही घडू शकते. म्हणून कुलूप काढण्याचे काम माणसाच्या स्मरणावर सोपवू नये.

दुसराही एक मार्ग आहे. नक्कलकाराला खुशाल पानामागून पान उतरवू द्यावे, वेगवेगळ्या क्षणांची पाने येऊ द्यावीत. परंतु त्याने आरंभ केल्यापासून शेवट करीपर्यंतची रोजकीर्द अखंड जपून ठेवावी. मग ती विस्कळीत नक्कल मांडून तिच्यावर रोजकीर्दीतील सारे व्यवहार क्रमाने चढविले की पाने एकमेकांशी जुळतात. शिवाय रोजकीर्द पुढेही साठवीत गेल्यास हवा तो क्षण गाठता येतो : चूक साडेअकराला झाली असेल तर अकरा वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंतचे व्यवहार चढवून थांबावे. गिटलॅबकडे ही साठवण असती तर दुय्यम यंत्राचा धागाही तुटला नसता आणि ते सहा तासही गेले नसते. जागा थोडी अधिक लागते, एवढाच तिचा खर्च.

आता हे चित्र कोणत्या यंत्रावर घ्यावे? चित्र अस्तित्वात आहे तोवर प्रत्येक नव्या लिखाणाबरोबर जुने पान बाजूस ठेवण्याचा जादा उद्योग डिस्कला करावा लागतो, आणि मुख्य यंत्राची गती त्यामुळे मंदावते. म्हणून शहाणपणाची रीत अशी की दुय्यमांपैकी एखादे यंत्र याच कामासाठी राखून ठेवावे. ते गिऱ्हाइकांच्या वाटेला जाऊ नये, मुख्य यंत्र बंद पडल्यास त्याची जागाही त्याने घेऊ नये. त्याला कुलूप घातले तरी बाहेर कोणाचे अडत नाही. कुलूप काढले की ते मागे राहिलेली रोजकीर्द उतरून घेते आणि पुन्हा बरोबरीला येते. यात दोन गोष्टी मात्र पाहिल्याच पाहिजेत. चित्र घेण्यापूर्वी हे यंत्र मुख्य यंत्राच्या किती मागे आहे ते विचारावे. तीन तास मागे पडलेल्या यंत्राचे आजच्या तारखेचे चित्र हे नावाचेच आजचे. आणि मुख्य यंत्र आपली रोजकीर्द किती काळ जपते ते ठाऊक असावे; कुलपाचा काळ त्याहून लांबला की धागा तुटतो, आणि धागा तुटल्यावर काय होते ते वर आलेच आहे.

काही ठिकाणी एक दुय्यम यंत्र मुद्दाम तासभर मागे ठेवतात. मुख्य यंत्रावरील चुकीची काट तेथे पोहोचण्यास तासभर लागतो, आणि तेवढ्यात कोणाच्या लक्षात आले तर त्या यंत्राला थांबविता येते. ही युक्ती चांगली आहे. पण चूक पहाटे झाली आणि कचेरी दहाला उघडली, तर तिचा उपयोग काय, हेही विचारले पाहिजे.

क्षणचित्राचा सर्वांत मोठा दोष त्याच्या गुणातच आहे. ते काही उतरवीत नाही, म्हणून ते झटपट निघते. आणि ते काही उतरवीत नाही, म्हणूनच ते मूळ डिस्कवर अवलंबून राहते. डिस्क मेली की चित्रही मेले. लिनक्सच्या जुन्या पद्धतीच्या क्षणचित्रांत तर बाजूची जागा आधी ठरवून द्यावी लागते, आणि बदललेल्या पानांनी ती भरली की चित्र निकामी होते. त्याबद्दल फारसा गाजावाजाही होत नाही. म्हणून चित्र हा प्रवासातला मुक्काम समजावा. त्या थिजलेल्या वहीवरून सावकाशीने खरी नक्कल उतरवावी, ती दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी पाठवावी, आणि मग चित्र पुसून टाकावे. दुसऱ्या घरी प्रत ठेवण्याची ही कल्पना संगणकाची नव्हे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मकायद्यात प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूंवर बंधन होते की बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्यांची अधिकृत प्रत दर वर्षाअखेर बिशपांच्या कचेरीत पाठवावी. चर्चला आग लागली, वाळवी लागली, पुराचे पाणी शिरले, तरी कोणाचा मुलगा कोण हे सांगणारी एक वही दुसरीकडे असे. ती प्रत वर्षातून एकदाच जाई, त्यामुळे डिसेंबरात वही जळाली तर अकरा महिन्यांच्या नोंदी जात. पण त्या काळी बाप्तिस्मेही सेकंदाला शेकड्यांनी होत नसत.

येथवर एकाच वहीचा विचार झाला. फार मोठ्या पेढ्यांची वही एका यंत्रात मावत नाही. तिचे खंड करून ते निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. व्यापाऱ्याचे खाते एका यंत्रावर, तेल्याचे दुसऱ्यावर, आणि दोघांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. मग ‘एकच क्षण’ म्हणजे तरी कोणता? १९८५ साली मणी चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी या प्रश्नावर एक निबंध लिहिला. चंडी हे मूळचे केरळचे, तेही मद्रासच्या आय. आय. टी.त शिकलेले. त्यांनी प्रश्न समजाविण्यासाठी एक सुंदर दाखला घेतला आहे : आकाशभर स्थलांतर करणारे पक्षी उडत आहेत, एका छायाचित्रात ते मावत नाहीत, अनेकांनी अनेक छायाचित्रे घ्यावयाची आणि ती जोडून सबंध आकाश उभे करावयाचे, छायाचित्रे एकाच क्षणी निघणार नाहीत आणि पक्ष्यांना थांबविताही येणार नाही, तरी जोडलेल्या चित्रात तोच पक्षी दोनदा येऊ नये. त्यांची तोड अशी की ज्याने आपले चित्र घेतले त्याने लगेच शेजाऱ्यांकडे एक खूण पाठवावी. खूण हाती पडताच शेजाऱ्याने, आधी घेतले नसेल तर, आपले चित्र घ्यावे. आणि ज्या वाटेने खूण अजून यावयाची आहे त्या वाटेने मधल्या काळात जे निरोप येतील तेही टिपून ठेवावेत. वाटेवर असलेले हजार रुपये त्यामुळे हरवत नाहीत आणि दुप्पटही होत नाहीत. निघणारे एकत्रित चित्र कोणत्याही घड्याळातल्या क्षणाचे असेलच असे नाही. पण ते विसंगत कधीच नसते. ‘आता’ या शब्दाची एवढी काटेकोर फोड फार थोड्या ठिकाणी वाचावयास मिळते.

शेवटी, प्रत निघाली एवढ्याने भागत नाही; ती उघडून पाहावी लागते. साठवणीत रोज एक फाईल पडते आहे, तिचा आकार ठीक दिसतो, म्हणून निर्धास्त राहणे म्हणजे बासनाला गाठ आहे म्हणून आत वही आहे असे समजणे होय. एखाद्या रिकाम्या यंत्रावर ती प्रत ठरलेल्या वारी उभी करावी, डेटाबेस सुरू होतो काय ते पाहावे, शेवटची नोंद किती वाजताची आहे ते वाचावे, दोनचार खात्यांची शिल्लक मुळाशी ताडावी, आणि या साऱ्याला किती तास लागले ते लिहून ठेवावे. गिटलॅबच्या त्या अठरा तासांपैकी फार मोठा भाग केवळ वाहतुकीचा होता. त्या संथ डिस्कचा वेग आधी कोणी मोजला असता, तर साध्या त्रैराशिकाने अकरा तासांचा आकडा कागदावर आला असता, आणि तोही सर्व काही बिनबोभाट पार पडले तर. मग निदान वेगवान डिस्क तरी मागविली गेली असती.

त्या घटनेनंतर कंपनीने ज्या दुरुस्त्या जाहीर केल्या त्या वाचण्याजोग्या आहेत. क्षणचित्र चोवीस तासांऐवजी तासातासाने घेतले जाऊ लागले. राखीव प्रत निघाली की नाही यावर देखरेख बसविली. प्रती आपोआप उभ्या करून तपासण्याचे काम हाती घेतले. माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी देण्याचे ठरले. तोवर ती सर्वांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. प्रत्येक यंत्रावर, जेथे आज्ञा लिहावयाची त्या ओळीच्या आरंभी, हे यंत्र कोणते आणि कोणत्या कामाचे ते ठळकपणे दिसावे, अशीही योजना झाली. आणि डेटाबेस परत उभा करताना त्यांनी आणखी एक बारकावा सांभाळला : नव्या नोंदींना दिले जाणारे अनुक्रमांक एक लाखाने पुढे ढकलले. हरवलेल्या सहा तासांत जे क्रमांक लोकांना दिले गेले होते ते कोणाच्या पत्रात, कोणाच्या टिपणात उतरलेले असतील. तेच क्रमांक पुन्हा दुसऱ्याच नोंदींना मिळाले असते, तर जुन्या पत्त्यावर भलताच मनुष्य सापडला असता. त्या क्रमांकांच्या जागा तेव्हापासून रिकाम्याच आहेत.